कोयनेचा धक्का आणि अणुबॉम्बचा धक्का

कोयनेला मोठा धक्का बसला की कोल्हापुरात भांडी वाजतात, आणि भांडी थांबायच्या आत मोबाईल वाजायला लागतो. "कुठंतरी अणुचाचणी झालीय, लपवतायत." मे 2025 मध्ये पाकिस्तानात भूकंप झाले तेव्हा तर अशा मेसेजना ऊत आला होता. पुरावा काय, तर खोली 10 किलोमीटर! इतक्या वर भूकंप होतोच कसा म्हणे.

होतो की. कोयनेचे बहुतेक भूकंप 10 किलोमीटरच्या आतलेच असतात. शिवाय जवळपासच्या नोंदी अपुऱ्या असल्या की खोली नीट निघत नाही. मग गणित सुटावं म्हणून एक ठरावीक खोली धरतात, आणि ती बऱ्याचदा 10 असते. बातमीतला तो गोल आकडा म्हणजे पुष्कळदा 'उथळ आहे, नक्की माहीत नाही' एवढंच. माणसानं पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला इथलं, 12,262 मीटर. 1970 ला सुरू केलेलं काम तिथवर पोचायला 1989 उजाडलं, आणि भोक जेमतेम 23 सेंटिमीटर रुंद. तेवढ्या खोल बॉम्ब गुपचूप उतरवणार कोण?

मूळ प्रश्न मात्र फालतू नाही. 1963 च्या मॉस्को करारानं हवेतल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्या बंद केल्या, जमिनीखालच्या राहिल्या. कारण चोरी पकडायची कशी यावर जमलं नाही. अमेरिका वर्षाला सात जागी तपासणी मागत होती, सोव्हिएत संघ तीनच्या वर जाईना. पुढं 1968 च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारानं नव्या देशांना बॉम्ब बनवायला मनाई केली. पण नवा बॉम्ब चालतो का, याची खात्री चाचणीशिवाय पटत नाही. म्हणून 1996 साली सर्वंकष चाचणीबंदी करार, म्हणजे सीटीबीटी आला. त्याच्या पहाऱ्यासाठी जगभर 321 केंद्रं ठरली, त्यातली 170 भूकंपमापनाची.

ही केंद्रं फरक ओळखतात तो लाटांवरून. दोन तळहात घट्ट दाबून एकदम सरकवा; भूकंपात खडकाचं हेच होतं. त्यातून दोन लाटा निघतात. पी लाट खडकाला पुढंमागं ढकलते आणि सेकंदाला साधारण 6 किलोमीटर जाते. एस लाट आडवी हलवते, तिचा वेग साधारण 3.5. कोयनानगर ते कोल्हापूर सरळ अंतर सुमारे 90 किलोमीटर. म्हणजे पी इथं 15 सेकंदांत पोचते आणि एस त्यानंतर 11 सेकंदांनी. आधी बारीक थरथर, मग हेलकावा, तो यामुळेच. या मधल्या सेकंदांना 8 नं गुणलं की अंतर अंदाजे किलोमीटरमध्ये मिळतं.

स्फोटात काही सरकत नाही. खडक सगळीकडं सारखाच बाहेर ढकलला जातो. त्यामुळं पी दणदणीत आणि एस दुबळी. भूकंपाच्या आलेखात बहुधा उलटं दिसतं. दुसरी खूण पहिल्या हालचालीची. स्फोटाच्या चारी बाजूंच्या केंद्रांवर जमीन आधी वर उचलली जाते. भूकंपात काही दिशांना वर, काही दिशांना खाली. तिसरी खूण जरा किचकट आहे: खोलातून येणाऱ्या पी लाटेवरून काढलेली तीव्रता आणि पृष्ठभागावरून रांगत येणाऱ्या संथ लाटांवरून काढलेली तीव्रता ताडून बघायची. पी लाट तेवढीच असली तरी भूकंपाच्या संथ लाटा स्फोटापेक्षा मोठ्या भरतात.

उत्तर कोरियाच्या 3 सप्टेंबर 2017 च्या चाचणीची तीव्रता 6.1 भरली. साडेआठ मिनिटांनी तिथंच दुसरा, लहान धक्का नोंदला गेला. त्याच्या लाटा आत ढासळणाऱ्या खडकाच्या होत्या: स्फोटानं झालेली पोकळी खचली होती.

फसायला होतं ते लहान धक्क्यांत. कठीण खडकातला 1 किलोटनचा (म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकांएवढा) स्फोट जेमतेम 4 ते साडेचार तीव्रतेचा. त्याहून बराच लहान असेल तर संथ लाटा जमिनीच्या नेहमीच्या बारीक थरथरीत बुडतात आणि पी-एसच्या प्रमाणावरच भागवावं लागतं. कोल्हापूरजवळच्या टोपकडच्या दगडखाणींसारख्या ठिकाणी सुरुंग एकदम उडवत नाहीत, काही मिलिसेकंदांच्या अंतरानं ओळीनं उडवतात. त्यामुळं त्यांचा आलेखही गिचमीड येतो. मुद्दाम फसवायचं तर बॉम्ब मोठ्या पोकळीत टांगायचा. अमेरिकेनं 1966 साली मिसिसिपीत मिठाच्या थरात हे करून पाहिलं. आधीच्या स्फोटानं तयार झालेल्या पोकळीत 0.38 किलोटनचा बॉम्ब उडवला, तर धक्का सुमारे 70 पटींनी दबला.

तिथं अणुस्फोटात तयार होणारा झेनॉन कामाला येतो. हा वायू कशाशी संयोग पावत नाही, त्यामुळं खडकाच्या भेगांतून वर झिरपतो. त्यातल्या झेनॉन-133 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, सव्वापाच दिवसांचं. उत्तर कोरियाच्या फेब्रुवारी 2013 च्या चाचणीचा झेनॉन जपानमधल्या ताकासाकी केंद्रावर जवळपास 55 दिवसांनी सापडला. पण अणुभट्ट्या आणि वैद्यकीय समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) कारखानेही झेनॉन सोडतात. म्हणून नुसता सापडून भागत नाही. त्याच्या वेगवेगळ्या समस्थानिकांचं प्रमाण बघावं लागतं, आणि वारा कुठून आला तेही.

शेवटची खात्री जागेवर जाऊनच. करारात 1,000 चौरस किलोमीटरपर्यंतच्या तपासणीची तरतूद आहे. खडकातल्या कॅल्शियमवर स्फोटातले न्यूट्रॉन आदळून झालेला आरगॉन-37 वायू, अर्धायुष्य 35 दिवस, मातीतून शोषून मोजायचा. पण ही तपासणी करार लागू झाल्याशिवाय करता येत नाही आणि करार 44 ठरावीक देशांनी मंजुरी दिल्याशिवाय लागू होत नाही. 2023 मध्ये रशियानं मंजुरी मागं घेतल्यावर त्यातले नऊ बाकी आहेत. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरियानं तर सहीच केलेली नाही.