रोव्हरची बॅटरी चार्ज का होत नाही?

जमीन मोजणीत साखळी आणि प्लेन टेबलची जागा आता रोव्हरने घेतली आहे. काठीच्या टोकावरचा हा रिसीव्हर उपग्रहांचे संकेत पकडतो आणि बेस स्टेशनकडून, म्हणजे ठाऊक असलेल्या जागी उभ्या केलेल्या दुसऱ्या रिसीव्हरकडून, येणारी दुरुस्ती जोडून बांधाची जागा दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सांगतो. पण विदर्भात मे महिन्यात दिवसभर उघड्या रानात राबल्यावर संध्याकाळी बॅटरी चार्जरला लावावी आणि लाल दिवा नुसता लुकलुकत राहावा, असं होतं. मग बॅटरी ‘गेली’ म्हणून ती बाजूला टाकली जाते. ही घाई करू नये. पुष्कळदा बॅटरी धड असते. चार्जरच तिला चार्ज करायला नकार देत असतो, आणि त्याला सबळ कारण असतं.

पहिलं कारण उष्णता. लिथियम-आयन सेल साधारणपणे 0 ते 45 अंश सेल्सिअसच्या दरम्यानच चार्ज करायचे असतात. त्याहून गरम असताना चार्ज केले तर आतला इलेक्ट्रोलाइट लवकर खराब होतो. शून्याखाली तर धोका मोठा: लिथियम सेलच्या उणे बाजूच्या ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतो आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. बंद जीपमध्ये तापलेली बॅटरी 45 अंश सहज ओलांडते. ती तासभर सावलीत ठेवा आणि मग लावा. फ्रीजमध्ये मात्र नको, ओल धरते.

हे तापमान चार्जरला कसं कळतं, ते मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. बॅटरीवर अधिक-उणे सोडून आणखी एखादी पट्टी दिसते. पुष्कळ बॅटऱ्यांत ती आतल्या थर्मिस्टरला जोडलेली असते. त्याचा रोध 25 अंशाला बहुधा 10 हजार ओहम असतो आणि थंडी वाढेल तसा तोही वाढतो. आता या पट्टीवर धूळ-घामाचा थर बसला आणि संपर्क तुटला, तर चार्जरला रोध प्रचंड दिसतो. म्हणजेच, बाहेर 44 अंशांचं ऊन असताना तो कडाक्याची थंडी समजून थांबतो! कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या आणि चार्जरच्या पिना पुसा. पॉलिश पेपर घासू नका, सोन्याचा मुलामा निघून जातो.

पावसाळाभर पेटीत पडून राहिलेल्या बॅटरीचं दुखणं वेगळं. दोन सेलच्या बॅटरीवर 7.4 व्होल्ट लिहिलेलं असतं आणि पूर्ण भरल्यावर ती 8.4 दाखवते. सेल फारच उतरले की आतलं संरक्षक सर्किट वाट तोडतं, आणि मल्टिमीटर जवळजवळ शून्य दाखवतो. चांगला चार्जर अशा बॅटरीला आधी अगदी थोडा प्रवाह देऊन पाहतो, म्हणून अर्धा तास धीर धरावा. मात्र बाहेरून थेट 12 व्होल्ट देऊन तिला ‘उठवण्याचा’ प्रयत्न कधीही करू नका. महिनोन् महिने रिकाम्या राहिलेल्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा विरघळतो, आणि चार्ज करताना तेच तांबं भलतीकडे साचून शॉर्ट घडवतं. ठेवायचीच असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा.

आतच बॅटरी असलेल्या, यूएसबी-सीच्या रिसीव्हरमध्ये आधी केबल बदलून पाहा. बारीक तारेचा रोध पाव ओहम असला, तरी 2 अँपियरला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. 5 चे साडेचार उरतात.

याउलट, कधी बॅटरी झटकन 100 टक्के दाखवते, पण बेसचा रेडिओ प्रक्षेपण करू लागला की बेसचा रिसीव्हर बंद पडतो. इथे चार्जर निर्दोष आहे. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे जास्त प्रवाह ओढताच व्होल्टेज कोसळतं. अशी बॅटरी बदलावीच लागते. आणि फुगलेली दिसली, तर चार्जरला लावूच नका. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा ती विक्रेत्यामार्फत परत द्या.