पदवीनंतर भूदल, नौदल की वायुदल? सीडीएसच्या अर्जातील पसंतीक्रम, पात्रता आणि कागदपत्रे

पदवीधराला सैन्यदलात अधिकारी होण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाकडून वर्षातून दोनदा घेतली जाणारी संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, अर्थात सीडीएस. या एकाच अर्जातून देहराडूनची भारतीय सैन्य अकादमी, केरळमधील एळिमला येथील नौदल अकादमी, हैदराबादजवळची वायुदल अकादमी आणि चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी अशा चार ठिकाणांसाठी उमेदवारी करता येते. अर्जातील पसंतीक्रमाचा रकाना मात्र अनेकजण घाईत भरतात आणि निवडीचे पुढचे गणित तिथेच बिघडते.

देहराडून आणि चेन्नईसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. नौदलासाठी अभियांत्रिकीची पदवीच लागते, तर वायुदलाच्या उड्डाण शाखेसाठी अभियांत्रिकीची पदवी किंवा बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन केलेली कोणतीही पदवी हवी. म्हणजे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पुढे बी.ए.ला गेलेला विद्यार्थी वैमानिकपदासाठी पात्र ठरतो, पण नौदलासाठी ठरत नाही. वयोमर्यादा साधारणपणे देहराडून आणि नौदलासाठी 19 ते 24, वायुदलासाठी 20 ते 24 आणि चेन्नईसाठी 19 ते 25 वर्षे आहे, मात्र जन्मतारखेची नेमकी मुदत त्या त्या वेळच्या अधिसूचनेतच पाहावी. उमेदवार अविवाहित असावा लागतो. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो, परंतु पदवी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो, आणि विद्यापीठाचे निकाल लांबणे आपल्याकडे नवीन नाही.

वायुदल हवे असेल तर ते पहिल्याच क्रमांकावर लिहावे. वैमानिक निवडीची वेगळी चाचणी आणि वायुदलाची वैद्यकीय तपासणी द्यावी लागत असल्याने दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकावर लिहिलेली वायुदलाची पसंती ग्राह्य धरली जात नाही. या चाचणीत एकदा अपयश आल्यास उड्डाण शाखेसाठी पुन्हा संधी नसते, म्हणून केवळ गणवेशाच्या आकर्षणापोटी तो क्रमांक देऊ नये. चेन्नईतून मिळते ते अल्पसेवा कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती अधिकारीपदाची नेमणूक असते, जी दहा वर्षांची असून पुढे आणखी चार वर्षे वाढू शकते. तेवढ्या सेवेवर निवृत्तिवेतन मिळत नाही, याचा विचार घरच्यांशी बोलून आधीच झालेला बरा. ज्यांचे गणित कच्चे आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे की, चेन्नईसाठी इंग्रजी आणि सामान्य ज्ञान हे दोनच पेपर असतात, तर इतर तिन्ही अकादम्यांसाठी गणिताचा तिसरा पेपरही द्यावा लागतो.

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावरच भरायचा असतो. शुल्क 200 रुपये असून महिला तसेच अनुसूचित जाती व जमातीच्या उमेदवारांना ते माफ आहे. छायाचित्र, स्वाक्षरी आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र तयार ठेवावे. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच भरावी. महाराष्ट्रातील दहावीच्या कागदावर बहुधा आडनाव आधी असते, तर आधारवर ते शेवटी, त्यामुळे ही तफावत आधीच तपासून घ्यावी.

लेखी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी ज्यांची पहिली पसंती भूदल, म्हणजे देहराडून किंवा चेन्नई आहे, त्यांना भूदलाच्या भरती संकेतस्थळावर मुदतीत नोंदणी करावी लागते, अन्यथा सेवा निवड मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या मुलाखतीचे बोलावणे येत नाही. ही मुलाखत सुमारे पाच दिवस चालते आणि पहिल्या टप्प्यात बाद झालेल्यांना त्याच दिवशी परत पाठवले जाते. जाताना दहावी, बारावी व पदवीची मूळ प्रमाणपत्रे आणि गुणपत्रिका सोबत न्याव्यात, शिवाय प्रवासाचे तिकीटही जपून ठेवावे, कारण त्या प्रकारच्या कमिशनसाठी पहिल्यांदा येणाऱ्यांनाच प्रवासखर्च मिळतो.

एसएसबीच्या तयारीसाठी महाराष्ट्रातील युवकांना नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात निवास व भोजनासह विनामूल्य प्रशिक्षण मिळते. त्यासाठी लेखी परीक्षेचा निकाल हाती येताच आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी.