चांगला तुकडा कुणाच्या ताटात?
आमच्या मटण दुकानाच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी दुकानात गर्दी असते, बोलायला सवड होत नाही. म्हणून हा कागद पिशवीत घालून देत आहोत. निवांत वाचा. घरात स्वयंपाक कुणीही करो, सगळ्यांनी वाचा.

बिनहाडाच्या, बिनचरबीच्या 100 ग्रॅम कच्च्या मटणात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसभरात 50 ग्रॅमच्या आसपास लागतात, आणि ती डाळ, दूध, अंडी यांतूनही मिळतात. तेव्हा ताकदीसाठी मटणच हवं असं आम्ही म्हणणार नाही. मटणाचं खरं मोल लोहात आणि बी-12 जीवनसत्त्वात आहे. बी-12 धान्यात, भाजीत नसतंच. ते मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून मिळतं.

लोह पालेभाजीतही असतं, पण त्यातलं थोडंच अंगी लागतं. मटणातलं लोह शरीर त्याहून सहज शोषून घेतं. शिवाय मटण ताटात असलं की त्याच जेवणातल्या भाकरीतलं आणि डाळीतलं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणजे तुकडे दोनच असले तरी भाकरीचं मोल वाढतं. वरून लिंबू पिळा. जेवण झाल्या झाल्या चहा मात्र नको, तासभर जाऊ द्या. चहा लोह अडवतो.

आता आम्हाला मनापासून सांगायचं आहे ते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या जवळपास 69 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय (ॲनिमिया) आढळला. लोह कमी पडणं हे त्याचं एक मोठं कारण. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी ठरवल्याप्रमाणे पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह लागतं आणि पाळी येणाऱ्या स्त्रीला 29. आणि आपल्या घरांत होतं काय? पहिली पंगत पुरुषांची. नळी, चाप, मांडीचे तुकडे तिथंच संपतात. मागून बसणाऱ्या बाईच्या वाटणीला रस्सा आणि मानेची हाडं. ज्याला गरज कमी, त्याच्या ताटात जास्त. पातेलं उतरलं की घरातल्या बायका-मुलींचे तुकडे आधी बाजूला काढून ठेवा, ही आमची कळकळीची विनंती.

लहान मुलांचंही तसंच. बाळाला अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, पाजली की मटणाचं सगळं सत्त्व पोटात गेलं, असं घरोघरी समजतात. अळणी चवीला छान, पण तिच्यात बहुतेक पाणीच असतं. प्रथिनं आणि लोह राहतं तुकड्यात. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला मऊ शिजवून, बारीक कुस्करलेला खिमा चमचा-दोन चमचे द्या. मीठ-तिखट नको. पायाच्या सूपाचंही ऐका: त्यानं गरम वाटतं, घशाला बरं वाटतं, पण हाडातलं कॅल्शियम त्यात फारसं उतरत नाही.

काळजाबद्दल नीट सांगायला हवं, कारण इथं चूक महागात पडते. काळजात लोह भरपूर असतं, म्हणून गरोदर मुलीसाठी ते मुद्दाम नेलं जातं. पण त्यात अ जीवनसत्त्वही फार असतं आणि ते जास्त झालं तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. गरोदरपणात काळीज टाळा, साधं मटण खा. दवाखान्यातून दिलेल्या लोहाच्या गोळ्या मटण खाल्लं म्हणून बंद करू नका. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी काळीज, गुर्दे, भेजा यांपासून लांब राहावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती खायचं ते डॉक्टरांना विचारा.

आणि जास्तीचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं 2015 मध्ये सॉसेज, सलामीसारखं टिकवलेलं मांस आतड्याच्या कर्करोगाला कारण ठरतं असं जाहीर केलं. बोकड-मेंढीचं लाल मांसही संशयाच्या यादीत आहे. आठवड्याला शिजवलेलं, हाडाशिवाय अर्ध्या किलोच्या आतच ठेवावं, असा सल्ला आहे. आमचा धंदा मटणाचा असला तरी हा आकडा आम्ही झाकून ठेवणार नाही. निखाऱ्यावर काळं पडलेलं काढून टाका. रश्श्यावरचा कट रक्तदाब-कोलेस्टेरॉलवाल्यांनी बाजूला सारावा.

श्रावणात मटण बंद ठेवल्यानं अशक्तपणा येतो का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. नाही येत. निरोगी माणसाच्या यकृतात बी-12 चा साठा वर्षानुवर्षं पुरतो. श्रावण खुशाल पाळा.

मटण घरी नेल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत शिजवा. कोंबडी नळाखाली धुऊ नका, जंतू ओट्यावर उडतात. कच्च्या मटणाची सुरी कांदा-कोथिंबिरीला लावू नका.

बाळासाठी खिमा हवा असेल तर तसं सांगा. मांडीचा बिनचरबीचा तुकडा निवडून, यंत्र धुऊन, दोनदा फिरवून देतो. पावशेराहून कमी लागला तरी संकोच करू नका, छटाकभरही देतो.