'ओघात' की 'काळात'? फावल्या वेळेतल्या कोडची मालकी

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कबाहेर तर्री-पोहे खाता खाता मावसभावाने मोबाईलवर आपलं नेमणूकपत्र उघडलं आणि विचारलं, "दादा, रात्री घरी बसून लिहिलेला कोड कंपनीचा काऊन होईल?" नोकरीत तो विमा दाव्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. फावल्या वेळेत त्याने देवनागरी आकडे आणि मराठी तारखा ओळखणारी छोटीशी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड, लिहून ओपन सोर्स केली आहे, म्हणजे सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे.

उत्तर दोन शब्दप्रयोगांत आहे, आणि घाईत वाचलं तर दोन्ही एकच वाटतात. कायदा म्हणतो 'इन द कोर्स ऑफ एम्प्लॉयमेंट', म्हणजे नोकरीच्या ओघात. त्याचं पत्र म्हणत होतं 'ड्युरिंग द टर्म ऑफ एम्प्लॉयमेंट', म्हणजे नोकरीच्या काळात.

आधी 'ओघात'. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि कलम 17 प्रमाणे पहिली मालकी लिहिणाऱ्याची असते. नोकरीच्या ओघात लिहिलेलं मात्र, वेगळा करार नसेल तर, कंपनीचं होतं. इथे घड्याळापेक्षा कामाचं स्वरूप महत्त्वाचं. रविवारी रात्री घरच्या पलंगावर बसून दाव्यांच्या मॉड्यूलमधला बग काढला, तरी तो कोड कंपनीचाच. मराठी तारखांचं कंपनीच्या कामाशी काही नातं नसेल, तर ती लायब्ररी लिहिणाऱ्याची.

हा फरक कोर्टांनी जुन्या काळापासून केला आहे. 1952 च्या एका इंग्लिश खटल्यात नोकरीतल्या सल्लागाराने दिलेल्या व्याख्यानांचा हक्क त्याचाच ठरला; पण कंपनीने नेमून दिलेल्या कामात तयार झालेला मजकूर कंपनीकडे गेला. आपल्याकडे 1988 मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे व्यंगचित्रकार टॉम्स यांचा वाद आला. 'बोबन आणि मोली' ही पात्रं त्यांनी 'मल्याळा मनोरमा' या वृत्तपत्र कंपनीत रुजू होण्याआधीच निर्माण केली होती. नोकरी सोडल्यावर ती काढत राहण्याचा त्यांचा हक्क कोर्टाने मान्य केला.

लॅपटॉप कंपनीचा, एवढ्यावरून कलम 17 खाली मालकी जात नाही. पण पुरावा कंपनीच्या बाजूला झुकतो. मी भावाला तिथेच गिट लॉग, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल कोणी आणि कधी केला याची नोंद, उघडायला लावला. कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलाची, वेळ रात्री 11:40, आणि लेखकाच्या जागी ऑफिसचा ईमेल! गिटच्या ग्लोबल सेटिंगमध्ये तोच पत्ता बसलेला होता.

आता 'काळात', कारण खरी मेख इथे आहे. नेमणूकपत्रातलं हे कलम कायद्याने लादलेलं नाही. आपण सही करून दिलेलं आहे. 'नोकरीच्या काळात लिहिलेलं सर्व काही कंपनीच्या नावे' असं लिहून दिलं, तर रात्र, सुट्टी, घरचा लॅपटॉप सगळं त्या जाळ्यात येऊ शकतं. कलम 18 प्रमाणे अजून न लिहिलेल्या कृतीचेही हक्क आधीच देता येतात. ती अस्तित्वात आली की हस्तांतर लागू होतं. कलम 19 ला मात्र हे सगळं लेखी आणि सहीनिशी हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणून पत्रात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द आहेत का, ते बोट ठेवून वाचावं. कॅलिफोर्नियात स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांनी केलेले आणि कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेले शोध असे लिहून घेता येत नाहीत; तिथल्या कामगार कायद्याचं कलम 2870 आडवं येतं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात तशी ढाल नाही. माझ्या मते ती असायला हवी.

"पण मी तर एमआयटी लायसन्सवर टाकलंय, आता ते सगळ्यांचंच ना?" असं त्याने विचारलं. नाही. एमआयटी लायसन्स म्हणजे कोड कोणालाही वापरू देण्याची परवानगी, आणि ती मालकच देऊ शकतो. कोड कंपनीचा निघाला तर त्याने दिलेली परवानगी लटकते, आणि भरवशाने ती लायब्ररी वापरणाऱ्यांचेही हाल होतात. म्हणूनच जीपीएल या दुसऱ्या ओपन सोर्स लायसन्सच्या शेवटी, गरज असेल तर कंपनीकडून हक्क सोडल्याची सही घ्या, असं सांगितलंय. लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, पॅच (कोडमधला बदल) पाठवताना 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहितो, तेव्हाही हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असंच आपण सांगत असतो.

मूनलायटिंगचा, म्हणजे नोकरीत असताना दुसरीकडे काम करण्याचा, प्रश्न वेगळा. त्यात नोकरी जाऊ शकते, म्हणून कोड आपोआप कंपनीचा होत नाही.

सही करण्याआधी जुन्या प्रकल्पांची यादी परिशिष्ट म्हणून जोडायला सांगावी, आणि 'काळात' च्या जागी 'ओघात' करून मागावं. भावाची सही तर होऊन गेली होती. मॅनेजर "काही हरकत नाही, कर" म्हणाले होते, पण एकदा लेखी दिलेलं तोंडी परत मिळत नाही. त्याने एचआरला लायब्ररीचं नाव, ती काय करते आणि कंपनीच्या कामाशी तिचा संबंध का नाही, हे अर्ध्या पानात लिहून दिलं. तीन आठवडे गेले, दोनदा आठवण करावी लागली. मग लायब्ररीवरचे हक्क त्याच्याकडेच राहतील, असं सही-शिक्क्याचं पत्र आलं. मावशीने ते त्याच्या डिग्रीच्या फाइलीत, मार्कशीटच्या वर लावून ठेवलंय.