विमा लोकपाल कंपनीचाच माणूस असतो का?

विमा लोकपाल म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. "विमा लोकपाल कंपन्यांच्याच पैशावर चालतो, त्यामुळे तिथे जाऊन काही उपयोग नाही, शिवाय वकील लागतो" हा मेसेज अधूनमधून फिरत असतो, आणि क्लेम नाकारला गेल्यावर माणूस आधीच खचलेला असतो त्यामुळे तो पटतोही.

पैशाचं अर्धं खरंय, खर्च कंपन्यांकडूनच गोळा होतो. पण निवड एखादी कंपनी करत नाही, आणि मुख्य म्हणजे निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही, पटला नाही तर ग्राहक आयोगाचा (आधीचा ग्राहक मंच) रस्ता उघडाच असतो. फी शून्य. वकील तर चालतच नाही तिथे, आपलं आपणच मांडायचं, मराठीतून लिहिलं तरी चालतं.

आधी मात्र कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा नकार आला की मग लोकपाल, नकारापासून एक वर्षाच्या आत, आणि भरपाई 50 लाखांपर्यंत मिळू शकते.

खात्री करायचीय? मेडिक्लेमच्या पॉलिसीची शेवटची पानं उघडा, बारीक अक्षरात शहरवार पत्त्यांचा तक्ता असतो, त्यात पुण्याचं ऑफिसही सापडेल.