तंबाखू सोडवण्यासाठी सरकार काय करू शकतं?

‘सोड ती तंबाखू’ असं घरचे सांगतात, डॉक्टर सांगतात, पुडीवरचं चित्रही सांगतं. खाणाऱ्यालाही बहुतेक वेळा सोडायचीच असते. तरीही कोणाच्या मदतीशिवाय सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन ते पाच जण वर्षभर टिकतात. उरलेल्यांना कच्च्या मनाचे म्हणणं अन्यायाचं आहे. तंबाखूतलं व्यसन लावणारं द्रव्य म्हणजे निकोटीन. ते रोज मिळालं की मेंदूतल्या पेशींवरच्या, ते टिपणाऱ्या ग्राहींची (रिसेप्टर) संख्याच वाढते. मग तंबाखू थांबली की चिडचिड, बेचैनी, झोपमोड सुरू होते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वांत जास्त असतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९९२ मध्ये व्यसनमुक्तीची मोफत फोनसेवा सुरू केली, ती हे ओळखूनच. तिथे एकदा नाव नोंदवलं की पुढचे फोन समुपदेशकच करतो, आणि सोडल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत ते जास्त वेळा करतो. माणूस घसरतो तो त्याच दिवसांत.

मॅसॅच्युसेट्स राज्य आणखी पुढे गेलं. गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात जुलै २००६ पासून निकोटीनचा गम, पट्टी, इतर औषधं आणि समुपदेशन जवळपास फुकट मिळू लागलं. ही सोय आहे हे विमाधारकांना आणि डॉक्टरांना आवर्जून कळवलं गेलं. अडीच वर्षांत धूम्रपान करणाऱ्या विमाधारकांपैकी सुमारे ३७ टक्क्यांनी तिचा लाभ घेतला. विमाधारकांमधलं धूम्रपानाचं प्रमाण ३८ वरून २८ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय या एका योजनेला देता येणार नाही, कारण कामाच्या ठिकाणी धूम्रपानबंदी तिथे २००४ पासूनच होती. पण इतक्या थोड्या काळात, तेही गरीब वस्तीत, एवढी घट क्वचितच दिसते.

आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेतात, पण विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळं खर्रा, मावा, चुना लावून मळलेली तंबाखू आणि मिश्री. मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायका तिला व्यसन मानतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरने ‘सिगारेट ओढता का?’ एवढंच विचारलं तर त्या सुटून जातात. प्रत्येक रुग्णाला, बाईलाही, ‘तोंडात काही ठेवता का, मिश्री लावता का?’ असं थेट विचारायला हवं.

१८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत फोनसेवा आहे. २०१८ पासून मुंबईच्या टाटा रुग्णालयातही तिचं केंद्र आहे आणि हा क्रमांक पुडीवर छापलेला असतो. २०२२ पासून निकोटीन बदली उपचार, म्हणजे तंबाखूऐवजी गम किंवा पट्टीतून थोडं निकोटीन देणं, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. मला वाटतं, तो गम प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळावा आणि आशाताईंनी सोडू पाहणाऱ्याच्या घरी पहिल्या आठवड्यातच दोनतीनदा जाऊन यावं. मोलमजुरी करणाऱ्याला गमसाठी दुकानात पैसे मोजावे लागले, तर त्याच पैशांत पुडी येते हे त्याला चांगलं ठाऊक असतं.