पाण्यातील छाट कलम

झाडाची फांदी तोडून तिला मातीऐवजी नुसत्या पाण्यात मुळे फुटू देण्याची ही पद्धत आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या खिडकीपासून राजारामपुरीतल्या गॅलरीपर्यंत ती कुठेही जमते आणि त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. मनीप्लांट, कोलियस, पुदिना, सिंगोनियम ही झाडे शेजाऱ्यापाजाऱ्यांत पसरतात ती बहुतेक अशीच.

कोल्हापूरच्या ऊस उत्पादकाला यामागचे तत्त्व ओळखीचे आहे. उसाची लागण कांडीनेच होते. डोळ्यातून कोंब येतो आणि पेराजवळच्या (पान जिथून फुटते त्या गाठीजवळच्या) पट्ट्यातील बारीक ठिपक्यांतून मुळे निघतात. मनीप्लांटच्या पेरावरही मुळांचे असे कोंब आधीच असतात. कोलियसमध्ये मात्र मुळे नव्याने घडतात. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारे ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक खाली उतरते, कापापाशी अडून साठते आणि तिथल्या पेशी मुळे धरू लागतात. म्हणून १० ते १५ सेंमी. लांबीची फांदी पेराच्या लगेच खाली धारदार पात्याने कापतात. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकतात, नाहीतर ती कुजतात.

भांड्याचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. अंधार आणि प्राणवायू मिळाला की पुरे. एक लिटरची पाण्याची बाटली खांद्याशी कापून वरचा भाग उलटा आत बसवला की नरसाळ्यात फांदी ताठ उभी राहते. बाहेरून जुने वर्तमानपत्र गुंडाळले की शेवाळ धरत नाही. फांद्या बऱ्याच असतील तर थर्माकोलच्या तुकड्याला पेन्सिलीने भोके पाडून तो बादलीत तरंगत सोडतात. पाणी आटले तरी तुकडा त्याच्याबरोबर खाली उतरतो आणि बुडखे बुडालेलेच राहतात.

२५ अंश से. तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलीग्रॅम प्राणवायू विरघळतो. पाणी तापले की आणखी कमी. साचलेल्या पाण्यात तो संपत जातो, बुडखा मऊ पडतो आणि वास येतो. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

पाणी बदलण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात वाढतो आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याला चिकटलेली असतात व कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा बाटली आतून ब्रशने घासावीच लागते. तोंडाशी फांदीभोवती कापसाचा बोळा बसवला तर डास आत शिरत नाही.

मऊ खोडाच्या झाडांना एक-दोन आठवड्यांत मुळे दिसतात. ती तीन ते पाच सेंमी. झाली की फांदी कुंडीत लावावी, फार थांबू नये. पाण्यात वाढलेली मुळे ठिसूळ असतात, त्यांच्यावर मूलरोम म्हणजे पाणी शोषणारे बारीक केसही कमी असतात. म्हणून पहिला आठवडा माती ओलसर आणि कुंडी सावलीत ठेवतात. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत हा बदल सोपा जातो, एप्रिलच्या कोरड्या दुपारी पाने लगेच माना टाकतात. जास्वंद पाण्यात मुळे धरते, पण तिला अनेक आठवडे लागतात. गुलाब आणि बोगनवेल यांच्या जून झालेल्या, टणक फांद्यांसाठी ओली वाळू किंवा भुसभुशीत मातीच बरी.